चारापैकी दोन

नाही नाही, तो कोपरा तसा मोजता यायचा नाही तुम्हाला, पुस्तकांचं कपाट मध्ये येतं — आणि ते हलत नाही, म्हणजे मी हलवू देत नाही, दोन्ही एकच. फितीचं ते टोक द्या इकडे, धरतो मी. घर विकायला हरकत आहे माझी, फीत धरायला नाही. असे बघताय काय? तुम्हाला घर घेणाऱ्याने मोजायला पाठवलंय, तुमचा काय दोष. एवढंच सांगतो, की हे घर गेलं ते अपूर्णांकांपायी. हसू नका. अंश वर, छेद खाली — शाळेत झालंय ना तुमचं? मग झालं तर.

आम्ही दोघे भाऊ. वर दादा, खाली मी. वडिलांनी ठरवून दिलेलं, की घराचं काहीही करायचं तर दोघांच्या मताने. म्हणजे मी एक द्वितीयांश. दादाला विकायचं, मला नाही. एकाला एक, घर जागच्या जागी. वर्षानुवर्षं हे चाललं आणि उत्तम चाललं. मी जन्मभर कचेरीत कारकुनी केली हो — काही घडू न देणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. मग मध्ये एकदा दादा जिना उतरून खाली आला, म्हणजे काम असणारच, आणि अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, आता मुलांनाही मत देऊ या, जास्त मतं पडतील ते खरं, उद्या घर त्यांचंच आहे. दोन मुलं त्याला. थोरला म्हणजे बापाची कार्बन कॉपी, तीही पुसट. पण धाकटी, माझी पुतणी — ती माझी. कागदोपत्री त्यांचीच, पण वाढली कुठे? इथे, या टेबलाशी. मी लगेच हो म्हटलं. का? सांगतो ना. एक द्वितीयांश — वर दोनने गुणा, खाली दोनने गुणा — दोन चतुर्थांश. चारापैकी दोन मतं. दिसायला वाढलं, किंमत तीच. घर पुन्हा जागच्या जागी. दादाला गणित कधी जमलं नाही. मी मनातल्या मनात हसलोसुद्धा.

आणि तिला ते मीच शिकवलं होतं, हे मुद्दाम सांगतो. एवढीशी होती, गणितात भोपळा मिळवून रडत खाली आली. मी कागदाची उभी घडी घातली, अर्धा तिला रंगवायला लावला, मग आडवी घडी घातली, उघडून दाखवला — चारातले दोन झाले, रंग मात्र तसूभर हलला नाही. तरी पुढच्याच गणितात बाईसाहेबांनी नुसता छेद दुप्पट केला. मी म्हटलं, अगं, खालच्याला गुणलंस, मग वरच्याने काय पाप केलं? मग जिना चढेपर्यंत घोकत गेली — खाली तेच वर, खाली तेच वर. मास्तरीणबाई म्हणायचो मी तिला.

बैठक या टेबलापाशीच झाली. दादा म्हणाला, विकायचं असेल त्यांनी हात वर करा — जशी काही सार्वत्रिक निवडणूक. त्याचा हात गेला. थोरल्याचा गेला, बापाच्या मनगटाला दोरीने बांधल्यासारखा. मी आरामात बसलेलो, चष्मा पुसत. आणि मग तिचा गेला. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, गोंधळली. म्हटलं, मास्तरीणबाई, विकायचं का, असं विचारतोय तो. तर म्हणाली, "ऐकलं मी, काका." आणि मग सगळ्यांसमोर सांगूनच टाकलं तिने न्हाणीघराचं.

न्हाणीघराचं म्हणजे... काही नाही हो, पाय घसरला. कुणाचा घसरत नाही? ओल आहे तिथे, लिहून घ्या ते, घेणाऱ्याला कळू दे. पडलो, आणि उठता येईना. सकाळचा पडलो तो पार दुपार कलेपर्यंत. हाका मारल्या, पण वर दादाचा टीव्ही. ती आता पलीकडच्या गल्लीत राहते, कामावरून येताना डोकावते, तशी डोकावली. तोवर माझा आवाज बसलेला, ओ देता येईना. खांद्याने दार फोडलं तिने — ती कडी बघा, अजून वाकडीच आहे. मला उचललं, पुसलं, कपडे घातले. आईने घालावेत तसे. मी म्हटलं, शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. घेतली. माझा हात हातात धरून घेतली. तीच शपथ तिने टेबलावर सोलून ठेवली, "ते इथे एकटे राहू शकत नाहीत." ते! मी समोर बसलेला, आणि ते.

नंतर आली मागे मागे. मी म्हटलं, अपूर्णांक विसरलीस का? दोन मतं होती आपली. तर म्हणते कशी, "तुमचं एकच होतं, काका. दुसरं माझं होतं. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत." आता विचारायचं काय त्यात? जेवताना माणूस आपल्या हाताला विचारतो का, की घास तोंडातच नेणार ना बाबा? तुम्ही विचारलं असतंत?... असो. मोजा, मोजा तुम्ही.

तिच्या घराला लागून खोली बघितलीय माझ्यासाठी. चांगली कोरडी आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे, असं दादा सांगत होता. ती नाही, तिच्याशी मी बोलतच नाही. ती येते रोज, डबा ठेवते, मी पुस्तक तोंडापुढे धरतो. पान उलटायचं राहून जातं कधी कधी. तिच्या लक्षात येतं ते. आणि मग तिथे ती रोज—

थांबा. फाटक वाजलं. तीच. असं करा, तुम्ही पुढे व्हा आणि सांगा, काका झोपलेत. आत गाढ झोपलेत, उठवू नका म्हणाले. झोपलेला माणूस म्हणेल कसा? बरं, नुसतं झोपलेत म्हणा... हाक मारतेय. ऐकलंत? ही पहिली. आता आवाज चढेल तिचा. नको, काही सांगू नका. सरका जरा, वरचा मजला राहिलाय ना मोजायचा, जा तुम्ही, जा — आहे गं. इथे आहे मी. पडलो नाही, बसलोय.