उद्या म्हणायचा शब्द

हॅलो? हिमानी? … अगं मी, कुमुदमावशी, अंबरनाथहून. … शाळा सुटली ना? वर्गात नाहीस ना? … बरं. एक विचारायचं होतं. इंग्रजीचं. … हसू नकोस गं. तुझ्या काकांनीच विचारायला सांगितलंय. अपॉल्ड म्हणायचं की अपल्ड? …

अपॉल्ड. 'पॉ' लांब. … हो, हो, सांगते त्यांना. … अगं, उद्या कंपनीत चौकशी आहे. … जनूचीच. टाकी धुवायला उतरला आणि आतल्या गॅसने गेला, तो. … चामटोलीचा. आपल्याकडे वालाच्या शेंगा आणून द्यायचा बघ. … हो, तोच. तुझ्या लग्नात पंगतीत वाढायला होता.

तर काकांना बोलायचंय तिथे. प्लँटचे साहेब ना ते. मालकांच्या वकिलांनी वाक्य दिलंय पाठ करायला. इंग्रजीत बोला म्हणाले, वजन पडतं. सकाळपासून आरशासमोर तेच चाललंय, दाढीचा फेस वाळला तोंडावर. … वाक्य? असं आहे बघ… टाकीतला गॅस मोजायचं मशीन बंद होतं, हे अपघातानंतर कळलं आणि आय वॉज अपॉल्ड. …

नाही, अर्थ नाही सांगितला. तू सांग ना. … हादरणं. … नुसतं हादरणं नाही? … हं. चीडही येते, असं होऊच कसं दिलं म्हणून. … चेहरा पांढरा पडतो, तोंडातून शब्द फुटत नाही. … मग बरोबर आहे की. वाईट वाटलंय गं त्यांना, खरंच. जेवण नाही, झोप नाही.

वापरतात कसा? … दे ना उदाहरण. … शाळेच्या खिचडीत अळ्या निघाल्या, ते बघून बाई अपॉल्ड झाल्या. … कळलं. … आणि हिमानी, त्या अळ्या बाईंना आदल्या दिवशीच दिसल्या असतील तर? …

नाही गं, सहज विचारलं. … ऐक ना. आधीपासून ठाऊक असेल तर नाहीच म्हणता येत? … नक्की? …

आहे, आहे फोनवर. … अगं, मशीन बंद आहे हे मला ठाऊक होतं. … मला, हो. संकष्टीला. मोदक वाढत होते, यांनी दुसरा घेतलाच नाही. म्हणाले, मशीन बंद पडलंय, मालकांना सांगितलं तर म्हणतात आधी ऑर्डर निघू दे, टाकी तशीच धुवून घ्या. … मी? मी म्हटलं, तूप घ्या. … आणि शनिवारी जनूला यांनीच खाली उतरवलं.

आता ठरलंय, तो न विचारता उतरला म्हणायचं. … हो, त्याच्यावरच. बनूबाईला सांगतील, तुझा नवरा स्वतःच्या चुकीने मेला. पोरंही तेच ऐकत मोठी होतील. … नाही, रडत नाहीये. थांब, काका आलेत.

अहो, हिमानीच आहे. … विचारलं. अपॉल्ड, पॉ लांब. पण तो शब्द तुम्हाला चालायचा नाही. ज्याला आधी ठाऊक नसतं, त्याचा आहे तो. … ओरडू नका, ती ऐकतेय. … संकष्टीला काय बोललात ते आठवतंय मला. उद्या मीही येतेय, बनूबाईला घेऊन. … हो, चौकशीलाच. सगळ्यांसमोर सांगणार आहे. …

अहो? … बोला ना काहीतरी. …

हिमानी, आहेस ना? … नाही, काही बोलत नाहीत. दारातच उभे आहेत. चेहरा पांढरा पडलाय, तोंड उघडं आहे, शब्द फुटत नाहीये. … हो गं. तू सांगितलंस अगदी तसंच. … ठेवते. बनूबाईला फोन लावायचाय.