शहिदाची आंघोळ

शवागाराबाहेरच्या बाकावर शववाहिनीचा ड्रायव्हर कागदांची वाट बघत ताटकळला होता. शेजारी एक मौलाना आणि एक म्हातारा मिस्त्री बसले होते. मिस्त्रीचा मुलगा सीमेवरच्या लढाईत मारला गेला होता, त्याचं शव आत होतं. समोरचा देशही मुसलमानांचाच. ड्रायव्हरने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं, पण कान थोडेच मिटता येतात?

“मिस्त्री, शहिदाला गुसल देत नाहीत. रक्ताच्या कपड्यांतच दफन करायचं.”

“बाप आहे मी. शेवटची आंघोळ मीच घालणार.”

“अहो, कयामतच्या दिवशी ते रक्तच साक्ष देईल.”

“कुणाविरुद्ध? मारणाराही मक्केकडेच तोंड करून नमाज पढतो ना?”

“चढाई त्यांनी केली. मोमिनांचे दोन गट भिडले, तर चढाई करणाऱ्याशी लढा, असा अल्लाहचा हुकूम आहे.”

“त्याच्या आधी काय म्हटलंय?”

“आधी... दोघांत समेट घडवा.”

“मग कुणी घडवला?”

“ते राज्यकर्त्यांचं काम.”

“वा! समेट त्यांच्या वाट्याला, लढाई माझ्या पोराच्या. आणि तुम्ही दर शुक्रवारी सांगता, सगळी उम्मत, जगातले सगळे मुसलमान, म्हणजे एक शरीर.”

“आहेच मुळी.”

“मग कुठल्या हातानं कुठला हात तोडला, मौलाना?”

“हळू बोला. बाहेर लोक जमलेत. चौकात फलक लागलेत, शहीद म्हणून.”

“उतरवा ते. नुसता मेला म्हणा त्याला. म्हणजे मला माझ्या पोराला न्हाऊ घालता येईल.”