तिसरी नळी

हॅलो? … हॅलो? … व्हय, आडत्याच्या घरनंच बोलतीया. दाक्षायणी. मालक मैंदर्गीच्या बाजाराला गेल्यात… कोण? मुकुंदराव वकील? … बोला की साहेब. जरा वरडून बोला, कानात लाह्या फुटल्यावानी वाजतंय.

… तक्रार? आमच्या तिफणीची? … थांबा. पेरायला मागून न्हेली तुमी, एका दिसाच्या बोलीवर पंधरवडा ठेवली तुमी, आन तक्रारबी तुमीच करायची व्हय?

… बरं, सांगा. … दोन वळी उगवल्या, तिसरी बोडकी. … परत दोन उगवल्या, तिसरी बोडकी. … समद्या रानात? … हसत न्हाई हो. खोकला आला.

… कोण हसतंय? मंद्रूपच्या बाजाराला जाणारं समदं? … हसणारच की. रान सडकंला लागून हाय.

साहेब, ऐका. तिफणीला नळ्या तीन. तिन्हींतनं बी पडतंय, सासऱ्याच्या वक्तापास्नं पडत आलंय. तुमच्याकडंच का अडलं? … नोटीस? मला? … द्या की. मागल्या साली आमची चामड्याची मोट न्हेली, उघड्यावर टाकली, कुत्र्यांनी खाल्ली. मी दिली का नोटीस? … बरं, न्हाई काढत मागचं.

तिफण ठेवली कुटं हुती? … सोप्यात? … पावण्यांना दावायला? … अगं बया. आन पेरायच्या आदी नळ्या कुणी बघितल्या? … नळीत काय बघायचं म्हंता? … वहिनींना द्या फोन. … द्या हो, माझी भाकरी करपली तुमच्यापायी.

पद्मजावहिनी, तिसऱ्या नळीत काय हुतं? … हळू का बोलताय? साहेब जवळ हुबं हायत? … कुंभारीण? … माशीनं चिखलाचं घर केलं हुतं? मग काडीनं पाडायचं की… कोण, लीला? तुमच्या सुनंला दिवस गेल्यात? … लई ग्वाड बातमी दिली बाई.

… व्हय, व्हय, आमीबी मानतो. कुंभारीण घर करती तितं पाळणा हलतो, ते फोडू न्हाई. पर वहिनी, घरधन्याला तरी सांगायचं. … हसतील म्हणून? आता समदी सडक हसतीया.

आन तशीच परत धाडली आमाला? … अहो, माझा पोरगा मायाप्पा कालपास्नं तिनंच पेरतोय. भुईला वल हाय तवर उरकायचं म्हणून. वल गेली की संपलं. वरसाची ज्वारी हाय ती आमची… थांबा. आलाच बघा बी न्ह्यायला. फोन ठेवू नगा.

मायाप्पा, हिकडं ये. नळ्या बघितल्यास का? … बघितल्यास? … आन घर पाडलं न्हाईस? … दोन दिस तिसरी वळ मोकळी सोडत गेलास, उघड्या डोळ्यांनी? आरं, भांग पिऊन पेरतोस काय? … खाली काय बघतोस? भुईवर काय लिवलंय?

… कोण म्हणालं? दानम्मा? … कवा? … खरं? … आन आयला सांगायचं सोडून नळीला जपत बसलास व्हय रं? … थांब. बसते जरा.

… हॅलो. हाय, हाय. … न्हाई, रडत न्हाई. खोकला हो.

वहिनी, आमचीबी तिसरी वळ बोडकी निघणार. … व्हय. आमच्याबी सुनंला, दानम्माला… व्हय, तुमच्या तोंडात साखर पडो. किती देव पाण्यात घातलं हुतं मी. देवांना जमलं न्हाई ते माशीनं केलं बघा.

… नुकसान? ते आता साहेबांच्या पाठीवर. उद्या उजाडता या म्हणावं. मोकळ्या वळीत हातानं बी टोकायचं, वाकून, दोन्ही रानांत. … कंबर? दुखू दे. कोट काढून या म्हणावं.

… काय म्हंतात? तिफण परत पायजे? … न्हाई. उरल्या रानाला मीच शेजारच्या बिरप्पाची मागून आणतीया. … व्हय, मागून. आमची आता कुटं जायची न्हाई. कुंभारणीची पिलं उडून जाईस्तवर माझ्या सोप्यात ऱ्हाईल. कुणी हात लावला तर हात मोडीन. … साहेबांचाबी.

ठेवते. दानम्माला हाक मारायची हाय.