टोपी घालणारा हिरो

रत्नागिरीत डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या तेजस्वीच्या समोरच्या बाकावर दोन म्हातारे जुन्या इंग्रजी सिनेमांवरून हमरीतुमरीवर आले होते.

"हिरो एकच, विश्राम. तो ब्लॅक अँड व्हाइटमधला. डॉक्टर त्याला सांगतो, तू काही आता जगत नाहीस. हा टोपी घालतो नि चालायला लागतो. बस्स!"

"त्यात कसला अभिनय? टोपी तर तूपण घालतोस. माझा रंगीतातला आठव. बायको गेली तेव्हा बाहीत तोंड खुपसून रडला."

"रडायला काय लागतं?"

"मेल्या, सगळं थेटर रडलं! आणि डॉक्टर काय बोलला ते तुला काय कळलं? इंग्रजी येत होतं तुला?"

"हिरोच्या तोंडावरून कळलं. आपण दुसरं काय बघायचो?"

"काशीराम कोण? आत या," नर्सने हाक मारली.

काशीराम टोपी विश्रामकडे देऊन आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

काशीरामने टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली.

"चल, एसटी चुकेल."

विश्राम उठला नाही.

"टोपी काढ, काशीराम. आणि बस इथं."