भोचक म्हणजे मी

भोचक कुणाला म्हणतात, हे माझ्या बायकोला विचारा. ती सरळ माझ्याकडे बोट दाखवेल.

मी साताऱ्याचा, समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. बोईसरला नोकरी लागली तेव्हा कंपनीतल्या जनार्दनने आम्हा दोघांना तारापूरजवळच्या त्याच्या घरी जेवायला नेलं. दारातच त्याचे वडील खांद्यावर जाळं टाकून निघाले होते. मी आपलं आदराने विचारलं, "कुठे निघालात, काका?"

काकांनी जाळं खाली ठेवलं आणि ओटीवर बसले. "सूनबाय, चाय ठेव. पावन्यानं इचारलं, आता बसूनच निगायला लागंल."

"भरती काय थांबनार हाय?" जनार्दनची आई कुरकुरली.

बायकोने मला चिमटा काढला. "काय हा भोचकपणा! निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारतात का?"

चहा पिऊन काका पुन्हा उठले. झालेलं जरा सावरावं म्हणून मी हसून म्हटलं, "मग परत कधी येणार?"

काका पुन्हा बसले. "सूनबाय, अजून एक चाय."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्या घरी मला अजून प्रेमाने बोलावतात. फक्त काकांनी जाळ्याला हात घातला, की जनार्दनची बायको आधी माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबते.