चव न घेतलेली आमटी

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. काम मिळायला काय लागतं? अनुभव! आणि अनुभव मिळायला? काम! मग ज्याला पहिलं काम कुणी दिलंच नाही, त्यानं अनुभव आणायचा कुठून — आठवडी बाजारातून? अहो, लेकीचं लग्न ठरवताना नवऱ्या मुलाला विचारता का, बाबा रे, याआधीचा अनुभव किती? ... हसा काकू, हसा. काका इकडंच बघतायत!

तर जाखाईच्या देवळातली गोष्ट. तिथं रोज पाचशे पानांचं अन्नछत्र. म्हातारा आचारी थकला, जागा निघाली. मुलाखतीला आली वैजयंता. नवऱ्याचा कापडाचा माग बंद पडलेला. महिनाअखेर काम नाही मिळालं, तर बिऱ्हाड उचलून दिराच्या गावी जायचं, आणि लेकीची दहावी अर्ध्यावर! तरी पदर खोचून ट्रस्टच्या अध्यक्षांसमोर ताठ बसली.

"अनुभव?" आबासाहेबांनी विचारलं.

"घरचा. चौदा वर्षं."

"किती माणसांचा?"

"पाच."

आबासाहेब हसले. माणूस वाईट नव्हे हो, पण पाच कुठं नि पाचशे कुठं! त्यांनी हात जोडले. जागा मारुती आचाऱ्याला द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. लग्नाच्या पंगतींत वीस वर्षं घालवलेला गडी. उद्या त्यानं एकदा रांधून दाखवायचं, की झालं.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घरी जाऊन ट्रस्टला शिव्या! वैजयंतेनं विचारलं, मग उद्या भाजी चिरायला येऊ का? नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी ही विळी घेऊन दारात हजर! परत जा म्हणाले, तर म्हणते कशी, जाते, एवढा भोपळा संपू दे. आता अर्धा चिरलेला भोपळा टाकून तिला कोण हाकलणार?

अकरा वाजत आले. मारुतीची आमटी उकळली. काय तो घमघमाट! आणि मारुतीनं, वीस वर्षांच्या सवयीनं, पळीतली आमटी तळहातावर घेतली नि चाटली!

गुरव दारात थिजले. मंडळी, नैवेद्य दाखवायच्या आधी चव घेतात का कुणी? उष्टं झालं सगळं पातेलं! देवीचा नैवेद्य बाराला. मारुती बिचारा खजील झाला, पण चिडलाही. म्हणाला, चव न घेता पाचशे माणसांचं कोण रांधतं, दाखवा मला!

"मी रांधते," विळीवरून आवाज आला.

वैजयंतेच्या घरी रोज देवीला नैवेद्याचं पान. चौदा वर्षं ती चव न घेताच रांधत आलेली. आबासाहेब तरीही नको म्हणत होते. ती म्हणाली, "आबासाहेब, पाच पानांचा का होईना, या कामाचा अनुभव इथं फक्त मला आहे."

घड्याळाकडं बघून आबासाहेबांनी मान हलवली. मग काय! मारुतीनं चुलीवर दुसरं पातेलं चढवलं — हो, त्यानंच, मोठ्या मनाचा गडी. हिनं डाळ घोटली, फोडणी दिली, वाफेचा वास घेत ओंजळीनं मीठ टाकलं. शेवटची ओंजळ मात्र उचलली, थांबली आणि परत डब्यात ठेवली. बाराच्या ठोक्याला नैवेद्य झाला!

पंगत बसली. आबासाहेबांनी पहिला भुरका मारला.

"मीठ कमी आहे," आबासाहेब म्हणाले.

"हो, अंदाज नव्हता म्हणून हात आखडला. कमीला पानात मीठ वाढलंय. जास्त झालं असतं, तर काय वाढलं असतं? उद्या बरोबर पडेल."

आबासाहेबांनी चिमूटभर मीठ कालवलं, दुसरी वाटी मागितली आणि म्हणाले, "उद्या सहाला या."

मंडळी, अनुभव म्हणजे दुसरं काय हो? काल कमी पडलेलं मीठ आज बरोबर पडणं! पण त्यासाठी कुणीतरी काल पातेलं हाती द्यावं लागतं. उद्या तुमच्या दुकानात, तुमच्या हापिसात कुणी कोऱ्या हातानं येईल. त्याला 'अनुभव किती' विचाराल, तेव्हा आठवा — तुमची पहिली अळणी आमटी कुणीतरी मुकाट्यानं खाल्ली होती! त्या खाणाऱ्याच्या नावानं वाजवा टाळी. जाखाईच्या नावानं मग वाजवू, ती रागवायची नाही!