ओल्या फडक्यातला डोळा

कामशेतच्या फलाटावर धुकं होतं. गाडीचा पत्ता नव्हता. मागच्या बाकावर दोघी बायका बोलत होत्या.

"मावशी, ह्या वल्या फडक्यात काय वो?"

"डोळा."

"अगं बया! कुनाचा?"

"गुलाबाचा. काडीवरल्या कोंबाला डोळा म्हंत्यात. रानगुलाबाची साल चिरून आत भरायचा. खाली मूळ रानातलं, वर फूल आपलं."

"लेकीकडं निगाला व्हय?"

"लेक वारली मागल्या साली. तिच्या दारातला गुलाब बी वाळला. पन खालचं मूळ फुटलंय, म्हनून जावयाच्या नव्या बायकूनं सांगावा धाडला."

"सवतीचं झाड जगवतीया? म्या तर उपटून टाकलं असतं."

"ती उपटंल, आसंच मला बी वाटलं व्हतं."

"डोळा धरला, ह्ये कळतं कसं?"

"आदी निजल्यावानी पडून ऱ्हातो. मग एका सकाळी तांबूस उघडतो, झोपंतनं उठल्या लेकरावानी."

"मग काडी कुनाच्या तरी हाती धाडायची. जावयाच्या गावी, पार वलवणपातूर तुमी कशाला?"

"त्या नव्या पोरीचा निरोप तसा हाय. आई, डोळा तुमच्याच हातानं भरा, म्हनली."

"आई म्हनली?"

"म्हनून तर डोळा सुकू दीत न्हाई, फडकं सारकं वलं करतीया."